चाळीस साक्षीदार

हणमंत लवटे गुरुजींच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा आणि मग संख्या, असा क्रम ठरलेला. संख्या बैठकीच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर, चांगली काचेच्या फ्रेममध्ये बसवलेली. सहाशे सतरा आकडी! बारीक टायपात छापली तरी एकवीस ओळी लागल्या होत्या.

"ओळखा बघू काय आहे?" गुरुजी विचारायचे.

पाहुणा बिचारा काय ओळखणार? एकानं विचारलं, "एवढा लांब फोन नंबर कुणाचा हो गुरुजी?" दुसऱ्याला वाटलं, काहीतरी मंत्र-तंत्र असावं. गुरुजींना तेवढंच हवं असायचं. खुर्ची पुढं ओढून ते सांगायला बसत.

"ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, या दोघांशिवाय हिला कशानंही भाग जात नाही. आणि हे सांगितलं कुणी? आमच्या तस्लीमनं. डॉक्टर तस्लीम मुलाणी! चौथीला माझ्या हाताखाली होती. माझी विद्यार्थिनी!"

'माझी विद्यार्थिनी' म्हणताना गुरुजींची छाती अशी काही फुगायची की बहात्तर वर्षांचा माणूस बावन्नचा दिसावा. आतून मालनबाई ओरडायच्या, "अहो, त्या आकड्याला एकदा तीट तरी लावा. दृष्ट लागंल!"

गुरुजींनी स्वतःही खात्री करून घ्यायचा प्रयत्न केला होता, बरं का. तीन, सात, अकरा, तेरा असं करत सत्त्याण्णवपर्यंत प्रत्येकानं भाग देऊन पाहिला. तीन महिने गेले, दोनशे पानी वही संपली, पण बाकी काही शून्य येईना. शेवटी ते मोठ्या समाधानानं म्हणाले, "पोरगी म्हणते ते खरंच आहे."

त्या संख्येला एवढं महत्त्व असायचं कारण होतं. साल दोन हजार अडतीस. त्या दुष्काळी पट्ट्यात नवी उपसा योजना तयार झाली होती. नदीचं पाणी पंपांनी वर चढवायचं आणि पाटांनी एकशे चाळीस गावांना द्यायचं. पाटावर दोनशे बारा दरवाजे, आणि एकाही दरवाजावर माणूस नाही. नियंत्रण कक्षातून हुकूम सुटायचा, दरवाजा ऐकायचा आणि उघडायचा किंवा मिटायचा. पण हवेतून जाणारा हुकूम कुणी ऐकून नक्कल केली तर? म्हणून प्रत्येक हुकमाला कुलूप होतं, आणि सगळी कुलपं या एका संख्येवर घडवलेली होती. संख्या उघड होती, कुणीही पाहावी, भिंतीवर लावावी. ती खरोखरच मूळ असेल तर कुलूप तुटणं शक्य नव्हतं. पण ती दोन-तीन संख्यांच्या गुणाकारातून झालेली असेल, तर ते तुकडे ज्याला माहीत तो घरबसल्या वाटेल तो दरवाजा उघडू शकणार होता. संख्या मूळ आहे असा दाखला देण्याचं काम तस्लीमच्या संस्थेकडे होतं, आणि दाखल्यावर सही तस्लीमची.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीनला, तस्लीम स्वतःच दारात उभी राहिली.

"गुरुजी!" असं म्हणत ती सरळ पाया पडली. चाळिशीची बाई, केसांत रुपेरी तारा आलेल्या, पण हसणं तेच चौथीतलं.

"अगं अगं, पुरे! एवढी मोठी शास्त्रज्ञ झालीस आणि माझ्या पाया पडतेस?"

"तुमच्याच नाही तर कुणाच्या पडू? उद्या तुम्हाला पहिल्या रांगेत बसायचंय. मी भाषणात तुमच्याबद्दल बोलणार आहे. ते पाकिटाचं सांगणार आहे."

गुरुजींच्या चेहऱ्यावरचं हसू जरा आखडलं. "कुठल्या पाकिटाचं?"

"विसरलात? तुम्ही वर्गातून फक्त मला पाकीट देऊन वस्तीवरच्या शाळेत पाठवायचा. सव्वा कोस चालत! म्हणायचा, 'महत्त्वाचं टपाल आहे, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.' गुरुजी, मुलाण्याच्या पोरीला तोवर गावात कुणी भरवशाचं काम दिलं नव्हतं. मी पळत जायचे. आज जी काही आहे ना, ती त्या पाकिटामुळं."

मालनबाई चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थबकल्या. गुरुजींनी घाईघाईनं विषय बदलला. भिंतीकडं बोट करून म्हणाले, "ते राहू दे. मला हिच्याबद्दल सांग. तू हिला भाग देऊन पाहिलास तरी कसा? मी तर सत्त्याण्णवलाच दमलो."

तस्लीम खळखळून हसली. "आम्ही भाग देतच नाही, गुरुजी. एकेक संख्या घेऊन भाग द्यायला बसलं, तर जगातली सगळी यंत्रं जुंपली तरी सूर्य विझेपर्यंत काम संपायचं नाही."

"मग?"

"साक्षीदार बोलावतो. म्हणजे असं, एखादी छोटी संख्या घ्यायची. दोन घ्या. तिला तिनंच गुणत जायचं. किती वेळा, ते ही मोठी संख्याच ठरवते. मग त्या गुणाकाराला मोठ्या संख्येनं भागून बाकी पाहायची. मोठी संख्या खरंच मूळ असेल, तर बाकी ठरावीक एक-दोन प्रकारचीच येते. वेगळी आली की संपलं, संख्या मूळ नाही. तिला कशानं भाग जातो ते कळत नाही, पण जातो हे शंभर टक्के कळतं."

"आणि बाकी बरोबर आली तर?"

"तर या साक्षीदारानं तिच्या बाजूनं साक्ष दिली. पण एखादा साक्षीदार फसतोही. म्हणून दुसरा बोलवायचा, मग तिसरा. संख्या खोटी असेल तर चारातले निदान तीन साक्षीदार तिला उघडी पाडतात. आम्ही चाळीस बोलावले. चाळीसच्या चाळीस फसायची शक्यता किती? एकावर चोवीस शून्यं मांडा, त्यातून एक."

"शाब्बास!" गुरुजींनी मांडीवर थाप मारली. केवढी विद्या, आणि किती सोपं करून सांगते पोरगी! "हे चाळीस निवडले कुणी?"

"मी." तस्लीमचा आवाज अभिमानानं भरून आला. "दोनपासून एकशे त्र्याहत्तरपर्यंतच्या पहिल्या चाळीस मूळ संख्या. दरवाजांच्या चिपमध्येच कोरून टाकल्यात. दरवाजा रोज सकाळी स्वतःच संख्या तपासतो. तपासणी कुणीही, कुठंही केली तरी हेच चाळीस साक्षीदार. कुणाला झुकतं माप नाही. माझी यादी आता देशाचं मानक झालीय, गुरुजी."

गुरुजींनी कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"यादी जाहीर कधी झाली?"

"गेल्या जानेवारीत."

"आणि संख्या?"

"मेमध्ये. ठेकेदार कंपनीनं शोधून दिली, आम्ही तपासली. का?"

गुरुजींनी भिंतीवरच्या संख्येकडं पाहिलं. काय चुकतंय हे त्यांना लख्ख दिसत होतं, आणि ते आपल्याला कशामुळं दिसतंय हेही लख्ख कळत होतं. गप्प बसलं तर उद्या पहिल्या रांगेत खुर्ची होती, भाषणात नाव होतं, गळ्यात हार होता. बोललं तर या पोरीच्या मनातून आपण कायमचे उतरणार, यात त्यांना शंका नव्हती.

त्यांनी आधी आडवळणानं जाऊन पाहिलं. "समज, कुणी मुद्दाम अशी संख्या घडवली, की ती तुझ्या चाळीसच्या चाळीस साक्षीदारांना फसवेल?"

"गुरुजी, एकावर चोवीस शून्यं म्हटलं ना मी!"

"ते आपसूक सापडलेल्या संख्येचं झालं. मी घडवलेल्या संख्येचं विचारतोय. साक्षीदार कोण ते आधीच ठाऊक आहे. मग माणूस त्यांनाच पढवेल की."

"कागदावर शक्य आहे म्हणा," तस्लीम म्हणाली. "पण फार किचकट काम आहे. एवढा खटाटोप कोण करतंय?"

"मी केला होता," गुरुजी म्हणाले.

तस्लीमला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. ती हसायला लागली, पण गुरुजींचा चेहरा पाहून थांबली.

"आपल्या शाळेला आदर्श शाळा म्हणून ढाल मिळाली होती, आठवतंय? दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला विस्तार अधिकारी यायचे. भला माणूस, पण सवयीचा गुलाम. यायची तारीख आठ दिवस आधी कळवणार, खुर्चीत बसणार, आणि फक्त पहिल्या ओळीतल्या पोरांना विचारणार. विचारणार काय, तर एकोणतीसचा पाढा. दर वेळी तोच. मग मी पहिल्या ओळीत आठ पोरं बसवायचो आणि आठ दिवस त्यांच्याकडून एकोणतीसचा पाढा घोकून घ्यायचो. साहेब खूश! लिहून जायचे, 'वर्गाची गणिताची तयारी उत्तम.' बाकीच्या बत्तीस पोरांना काय येतं, हे कुणी विचारलंच नाही. अकरा वर्षं चाललं हे."

"पण गुरुजी," तस्लीम समजुतीच्या सुरात म्हणाली, "आपल्या वर्गाला खरंच येत होतं. मी होते की वर्गात."

गुरुजींनी मान खाली घातली. आता मागं फिरणं नव्हतं.

"तपासणीच्या दिवशी कधी होतीस?"

तस्लीम आठवू लागली. कपाळाला आठी पडली. चौथीतल्या तपासण्या... त्या दिवशी... आणि मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"तुला पाढे पाठ व्हायचे नाहीत," गुरुजी म्हणाले. "एकोणतीस साते विचारलं की तू म्हणायचीस, थांबा, काढून सांगते. तीस साते दोनशे दहा, त्यातून सात गेले. बरोबर यायचं, पण वेळ लागायचा. साहेबांनी चुकून तुला विचारलं असतं तर? मला भीती वाटली. म्हणून... त्या पाकिटात कोरा कागद असायचा, तस्लीम."

मग दारातून मालनबाई म्हणाल्या, "पाकिटं मीच चिकटवायची. भाताच्या शितानं. मी पण त्यातलीच, बाई."

तस्लीमनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला, आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "नवा साक्षीदार हवाय. एक संख्या सांगा. कुठलीही."

"एकोणऐंशी हजार चारशे बारा," गुरुजी म्हणाले.

तिची बोटं चालली, भिंतीवरच्या संख्येसमोर तिनं हा नवा साक्षीदार उभा केला. चार-पाच सेकंद गेले. पडद्यावर शब्द आला: संयुक्त. म्हणजे भाग जातो. भिंतीवरची संख्या मूळ नव्हती!

"काकू, तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? सत्तावीस हजार नऊशे सहा."

संयुक्त.

तस्लीमनं मनानंच आणखी दहा संख्या घातल्या. दहाही वेळा तोच शब्द. मग तिनं आपले चाळीस साक्षीदार बोलावले, आणि चाळिसांनी एकमुखानं सांगितलं, मूळ आहे. ही संख्या कुणाला चुकून सापडलेली नव्हती. कुणीतरी बसून, तिची यादी समोर ठेवून, ती घडवली होती.

तिनं लॅपटॉप मिटला. चहा तसाच राहिला होता. दाराशी जाऊन तिनं चपला घातल्या.

"येते," ती म्हणाली.

नुसतंच 'येते'. येताना दारातून हाक मारली होती तसं 'गुरुजी' काही म्हणाली नाही. गुरुजींना तेवढंच ऐकू आलं, आणि ते संध्याकाळभर त्याच खुर्चीत बसून राहिले.

सकाळी ते जाणारच नव्हते. मालनबाईंनी हाताला धरून उठवलं. "पोरीवर केवढा प्रसंग आलाय आणि तुम्ही घरात तोंड लपवून बसणार व्हय? चला!"

मुख्य पंपघराजवळ मांडव घातला होता. एकशे चाळीस गावांची माणसं लोटलेली. गुरुजी पहिल्या रांगेकडं फिरकले नाहीत, खांबाजवळ जागा मिळाली तिथं बसले. मंचावर मंत्री, शेजारी मुख्य अभियंता सावर्डेकर, आणि टोकाला तस्लीम. डोळे सुजलेले, पण पाठ ताठ.

अकरा वाजता मंत्री बटणाकडं निघाले आणि तस्लीम उठली. तिनं ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"साहेब, बटण दाबू नका."

सावर्डेकरांनी तिच्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हटलं, "मॅडम, हे काय चाललंय? दाखल्यावर सही तुमची आहे!" ध्वनिक्षेपक चालूच होता, सगळ्यांनी ऐकलं.

"माझीच आहे," तस्लीम म्हणाली. "म्हणून मीच सांगतेय. ती संख्या मूळ नाही. माझी तपासणी चुकली."

मग ती लोकांकडं वळली. साक्षीदार, यादी, जानेवारी, मे, सगळं तिनं असं उलगडून सांगितलं की मागं बसलेल्या शेतकऱ्यालाही कळावं. "या संख्येचे तुकडे ज्याच्याकडं आहेत, तो तुमच्या पाळीचं पाणी रात्रीतून दुसरीकडं वळवेल. आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर मात्र तुमचाच दरवाजा उघडा दिसेल. मला तीन आठवडे द्या. नवी संख्या येईल. आणि साक्षीदार कोण, हे संख्या हातात आल्यावर, त्याच ठिकाणी, तुमच्यातल्या कुणालाही विचारून ठरेल. आधीची यादी माझी होती. ती मी रद्द करतेय."

गुरुजी ऐकत होते. आपल्या हातानं उभं केलेलं काम भर सभेत, मंत्र्यासमोर, आपल्याच तोंडानं मोडायचं! काय छातीची पोरगी म्हणायची! त्यांचा ऊर भरून आला. शेजारचा माणूस म्हणाला, "कोण हो ही बाई?" नेहमीचे दोन शब्द गुरुजींच्या ओठांवर आले. पण आज ते म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते गप्प राहिले.

मंत्री नाराज दिसत होते, पण माणूस चाणाक्ष होता. "डॉक्टर, हे उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कसं काय उमगलं? कुणी सांगितलं?"

"एका माणसानं," तस्लीम म्हणाली. "त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं."

तिनं मांडवात कुणाला शोधलंही नाही. नाव न घेता तिनं त्यांची अब्रू झाकली होती. बसून राहिलं असतं तरी चाललं असतं.

गुरुजी उठले. आवाज चाळीस वर्षं वर्गात कमावलेला होता. "मी सांगितलं! मी हणमंत लवटे, प्राथमिक शिक्षक. मला कळलं, कारण मी स्वतः तीच लबाडी केली होती."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. पहिली ओळ, एकोणतीसचा पाढा, आदर्श शाळेची ढाल. तस्लीमचं नाव घेऊन, कोऱ्या कागदाचंही सांगितलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी तोंडानं चुकचुकलं. तेवढ्यात पुढून सरपंच भारत कोळेकर उठला. तो पहिल्या ओळीतल्या आठांपैकी होता.

"गुरुजी, खरं सांगू का? मला अजून एकोणतीसचा सोडून दुसरा एकही पाढा येत नाही!"

सगळा मांडव हसला. गुरुजींना मात्र हसू येईना. ते तसेच उभे होते, मंचाकडं पाहत.

तस्लीमनं ध्वनिक्षेपक पुन्हा तोंडाजवळ नेला.

"काल दुपारपासून मी यांच्यावर चिडलेय," ती म्हणाली. "अजून चिडलेय. हा राग एका दिवसात जाणार नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. पण काल हे गप्प राहिले असते, तर आज मी यांना हार घातला असता आणि तुमचं पाणी चोराच्या हातात दिलं असतं. यांना हे माहीत होतं. माझ्या नजरेतून उतरणार हेही माहीत होतं. तरी बोलले. चौथीत यांनी मला जे शिकवलं नाही, ते काल शिकवलं, आणि आज मी इथं उभी राहू शकले ती त्याच्या जोरावर."

ती मंत्र्यांकडं वळली.

"साहेब, यांची ओळख करून द्यायची राहिली. हे माझे गुरुजी."

मंत्री खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात जोडले. मग सावर्डेकर उठले, मग कोळेकर, मग रांगांमागून रांगा. मालनबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, नीट उभं राहा की जरा. सगळे बघतायत."

गुरुजी नीट उभे राहिले. हमसून हमसून रडत होते, पण मान ताठ होती. शेजारच्या माणसाचा हात घट्ट धरून ते म्हणाले, "मघाशी विचारलंत ना, कोण ही बाई? माझी विद्यार्थिनी आहे."